घाटगेबाईंचे मंदगती काडतूस

गोळी अधिकाधिक वेगाने कशी धावेल, यासाठी माणसाने कित्येक शतके डोके खपवले. ती हळू धावली तर बरे, असा उलटा विचार करण्याचा मान मात्र सीरीस या खुज्या ग्रहाच्या उत्तर ध्रुवावरील तळावर राहणाऱ्या डॉ. रेवती घाटगे यांच्याकडे जातो. ध्येय उदात्त होते. पहिली पायरी म्हणून त्यांनी स्वतःची उशी उसवली.

कारण कुरतडे. मुंगसाएवढी, सहा पायांची, भंगार खाऊन स्वतःची दुरुस्ती करणारी ही यंत्रे. भंगार संपल्यावर त्यांनी भंगाराची व्याख्या सैल केली. गेल्या आठवड्यात सात कुरतड्यांनी प्राणवायू-संयंत्रातली प्लॅटिनमची एकेक जाळी गिळली आणि पठारावर पोबारा केला. सातही जाळ्या असल्याशिवाय संयंत्र चालत नाही. साठवणीतली हवा नऊ दिवसांची होती. पुढचे जहाज दोन महिन्यांनी.

तळावर एक रायफल होती. ती कोणी आणि का आणली, हे सुरक्षा समितीला आठवत नव्हते. कोल्हापूरच्या रेंजवर हात बसलेल्या घाटगेबाईंनी नेहमीच्या काडतुसाने एक कुरतडा टिपला. सेकंदाला साडेआठशे मीटर वेगाची गोळी; कुरतड्याचा जो चुरा झाला तो खाली पडलाच नाही, तसाच आकाशात निघून गेला. सुदैवाने तो कुरतडा जाळी न खाल्लेला होता. मग दारू कमी करून वेग तीनशेवर आणला, तर गोळी कवचावरून घसरली. चारशेला आरपार भोक पडेल आणि जाळी शाबूत राहील, असे गणित निघाले. पण काडतुसाच्या अर्ध्या रिकाम्या पुंगळीत, सीरीसच्या नावापुरत्या गुरुत्वाकर्षणात, दारू हवी तिकडे तरंगे आणि प्रत्येक गोळी आपल्या मर्जीचा वेग धरे. पुंगळीतली मोकळी जागा उशीतल्या शेवरीच्या कापसाने भरताच दारू बुडाशी गप्प बसली.

सकाळी आठ वाजता बाईंनी तळाच्या छपरावर, नेमक्या ध्रुवबिंदूवरच्या चबुतऱ्यावर, बेचक्यात रायफल टेकवून वेगमापकातून सरळ क्षितिजाकडे पाच गोळ्या झाडल्या. मिनिटाला एक. पाचही चारशे. अर्ध्या मीटरचाही फरक नाही. बाईंना शिरस्त्राणातल्या शिरस्त्राणात नाचावेसे वाटले. समितीने तिथल्या तिथे ठराव केला : वेग कमी, सबब धोका कमी.

पुढचे दोन तास बाई पठारावर हुंदडत होत्या. सहा गोळ्या, सहा कुरतडे, सहा जाळ्या. सातव्याचा माग काढत त्या तळापाशी परतल्या, तर तो छपरावर. सकाळच्या बेचक्यालाच जबडा रोवून, निवांत कुरतडत बसलेला. बाई शिडीवर चढू लागल्या, तेवढ्यात पाठीवरच्या टाकीचा पट्टा कोणीतरी मागे ओढला.

ते टिपणीस होते. जहाजांच्या कक्षा मोजणे हे त्यांचे काम. गोळी हे जहाज नव्हे, म्हणून समितीने त्यांना विचारले नव्हते. ठरावाची प्रत त्यांनी आत्ता वाचली होती.

"सोडा ओ. पळून जाईल ते."

"सकाळी वेग किती ठेवलात?"

"चारशे. नेमका." एवढ्या घाईतही बाईंच्या आवाजात अभिमान उतरला.

"सपाट झाडल्यात?"

"मग काय आभाळात झाडू?"

टिपणीसांनी घड्याळ पाहिले. दहा पस्तीस. "घाटगेबाई, इथला मुक्तिवेग पाचशे तीस. साडेआठशेची गोळी सीरीस सोडून जाते, पुन्हा तोंड दाखवत नाही. तीनशेची कुठेतरी जमिनीत रुतते. चारशेची दोन्ही करत नाही. अडवायला हवा नाही. ती सीरीसला प्रदक्षिणा घालते आणि सुटली त्याच बिंदूवर येते, सुटली त्याच वेगाने. दोन तास छत्तीस मिनिटांनी."

बाई म्हणाल्या, "तेवढ्यात सीरीस फिरला की स्वतःभोवती. जागा सरकली."

"ध्रुवाची जागा सरकत नाही. नुसती गरगरते. गोळी मागून येण्याऐवजी बाजूने येईल, एवढाच फरक."

"आणि तुमचं गणित चुकलं तर? नऊ दिवसांची हवा आहे, टिपणीस. शेवटची जाळी त्याच्या पोटात आहे."

"माझं गणित तुमच्या काडतुसावर उभं आहे. ते कितपत बरोबर आहे, ते तुम्हीच सांगा."

बाई शिडीवरून दोन पायऱ्या खाली आल्या आणि वाकून बसल्या.

दहा छत्तीसला काहीच दिसले नाही, काहीच ऐकू आले नाही. कुरतडा फक्त शहारला. सदतीसला त्याचे मागचे पाय ताठ झाले. पुढच्या तीन गोळ्या निव्वळ औपचारिक होत्या. बाई मात्र प्रत्येक मिनिटाला टिपणीसांचा दंड दाबत पुटपुटत होत्या, "आली. आली बघा."

एक्केचाळीसला त्या वर धावल्या. पाच गोळ्या, भोक एकच. कडेला करंगळीही जेमतेम शिरेल असे. त्यांनी तिथेच नोंदवही उघडली. नेमबाज : रे. घाटगे. अंतर या रकान्यात त्यांनी टिपणीसांना विचारून 'तीन हजार दोनशे किलोमीटर' असे लिहिले आणि खाली दोनदा रेघ मारली.

संध्याकाळी संयंत्र सुरू झाले. सातव्या जाळीला एक भोक पडले होते. मुळात तिला बावीस हजार होती.