काचेवरचा डोंगर

“हात लावू नकोस! डाग पडेल!” चिमणी ओरडली.

“पडू दे! आधी सांग, फोटो मोठा छापायच्या यंत्रात ही फिल्म काल तूच लावलीस?” डार्करूमच्या लाल उजेडात दादाचा चेहरा परक्यासारखा दिसत होता.

दादा, चिमणी आणि धाकटा बटाट्या, तिघं भावंडं सुट्टीला मामाकडे आली होती. मामा तळ्याचे, डोंगरांचे काळेपांढरे फोटो काढायचा. परवा पहाटे कॅमेरा घेऊन गेला, तो परतलाच नाही! जाण्यापूर्वी घराच्या खिडकीतून घेतलेल्या एका निगेटिव्हवर त्यानं काळ्या शाईनं गोल केला होता: पुढचा फोटो तिथून काढायचा. शोधपथकाला काल चिमणीनंच त्याचा मोठा फोटो छापून दिला. धुक्यानं डोंगर गिळलेला; बाहेरून आलेल्या पथकाला त्या कागदाचाच आधार. डावी सोंड त्यांनी पिंजून काढली. हाती काही नाही!

“शाईची बाजू खाली ठेवली,” चिमणी म्हणाली. “कागदाजवळ असली की गोल ठळक उठेल, असं वाटलं.”

बटाट्या मामाचं गाणं पुटपुटला,

“चकचक वरती, मळकट खालती,
डोंगर राहतील जागेवरती...”

शाई तर फिल्मच्या चकचकीत बाजूला होती! म्हणजे चकचकीत बाजूच खाली गेली होती. डावं-उजवं उलटं छापलं होतं!

बाहेरच्या खोलीत पथकप्रमुख मामीला सांगत होते, “फोटोतली सोंड पिंजून झाली, बाई. आता तळ्यात गळ टाकतो.” मामी भिंतीला टेकली.

“थांबा! फोटो उलटा आलाय! चूक माझी आहे!” चिमणी धावत बाहेर आली.

“पोरी, हा काय खेळ वाटला?” प्रमुखांनी मानसुद्धा वळवली नाही.

“हे असे नाही ऐकायचे,” दादा कुजबुजला. बटाट्यानं टेबलावरची प्रमुखांची टोपी उचलली आणि खिडकीकडे धूम ठोकली!

“ए! टोपी दे माझी!”

“घ्या की! पण आधी बघा!”

चिमणीनं पथकाचा फोटो पाठमोरा खिडकीच्या काचेवर दाबून धरला होता. बाहेर धुकं जरासं विरलं होतं. उजेड कागदातून झिरपला, आणि कागदाच्या कडेला संपलेली डोंगराची रेघ काचेपलीकडे तशीच पुढे चालत गेली. गोल उजव्या सोंडेवर होता!

प्रमुखांचा हात टोपीपर्यंत पोचलाच नाही. “चला रे!” ते दारातूनच ओरडले.

दुपारी मामा सापडला. दरडीखाली, श्वास तेवढा चालू. कॅमेरा छातीशी धरलेला.

आठवड्यानं दवाखान्यात मुलांना आत सोडलं. चादर डाव्या गुडघ्याखाली सपाट होती. प्रमुख कोपऱ्यात टोपी काढून उभे होते. “पोरांनो, मी तेव्हाच मान वळवायला हवी होती. तुम्ही होतात म्हणून हे आहेत.”

चिमणीला ते ऐकूच आलं नाही. “मामा, माझ्यामुळे एक दिवस वाया गेला. पाय...”

“गेला, चिमणे,” मामा म्हणाला. “पण तू चूक झाकली असतीस, तर मीही गेलो असतो.” त्यानं तिचा हात ओढून जवळ घेतला. मग हळूच म्हणाला, “चकचक वरती...”

आणि थांबला.

चिमणीनं डोळे पुसले. “मळकट खालती,” ती म्हणाली.

मामीनं पाठ फिरवून खिडकी उघडली. डोंगर जागेवर होते.