दानम्मा आत्यानं अडवलेला गोळा

गोळा पडला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते आणि मी दात घासत होते. धाडकन आवाज झाला, तावदानं थरथरली, आणि अख्खं किल्लारी घराबाहेर पळालं. मीही पळाले, ब्रश तोंडातच. आमच्याकडं असंच आहे. ट्रकचं टायर फुटलं तरी आधी दार गाठायचं, काय झालं ते मग विचारायचं. त्र्याण्णवच्या भूकंपावेळी माझा जन्मही झाला नव्हता, पण ही सवय आम्हाला घरातूनच लागते.

भूकंप नव्हता. आमच्या हरभऱ्याच्या रानात घागरीएवढा काळा गोळा अर्धा रुतून बसला होता, अंगभर दोऱ्याचे वेढेच वेढे. तहसीलची माणसं आली, यंत्र लावून विषारी काही नाही म्हणाली, पंचनामा करून गेली. मग माझी दानम्मा आत्या आली. शिवरात्र चार दिवसांवर, त्यात गोळा काळा आणि गोल! तिनं त्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, बेलाचं पान ठेवलं आणि सगळ्यांना सांगून टाकलं, "देव हाय. हात लावायचा न्हाई."

आत्यापुढं आमचे अप्पाही बोलत नाहीत. लग्नाला चार महिने झाले असताना भूकंपात तिचा नवरा गेला, तेव्हापासून ती आमच्याच घरी आहे. घरात तिचाच शब्द चालतो.

आठव्या दिवशी तो आला. बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, तिथं.

"एक झेरॉक्स द्या. आणि तो गोळा कुठं पडून राहिला, तेवढं सांगा."

"पडून न्हाई राहिला. बसलाय. पूजा चालू हाय त्याची," मी म्हणाले.

तो हसला. हसला की त्याचे कान लाल व्हायचे... आणि बाई गं, माझं लक्ष तिथंच गेलं.

सत्यम हदगावचा. घरी कापूस-सोयाबीन, हा मात्र नांदेडला दोरांवर संशोधन करायचा. गोळा नेण्याची तहसीलची परवानगी त्याच्या हातात होती. फक्त शेतमालकाची हरकत नको होती. अप्पा म्हणाले, "आक्का म्हणंल तसं." आणि आक्का, म्हणजे आत्या, म्हणाली, "सोमवारी ये. इचार करते."

तो सोमवारी आला. नांदेडहून एसटीनं लातूर, लातूरहून जीपनं किल्लारी. आत्यानं त्याला धपाटे वाढले, शेंगाची चटणी वाढली, आई काय करते, बहिणी किती, दारू पितोस का, सगळं विचारून घेतलं. गोळ्याचं विचारलं तर म्हणाली, "पुढच्या सोमवारी बघू."

असे सोमवारामागून सोमवार गेले.

मार्चमध्ये एकदा अवकाळी आला. आम्ही दोघं रानातच होतो. तो गोळ्याचे फोटो घेत होता, मी उगीचच सोबत. टपटप गारा सुरू झाल्या तशी आम्ही ताडपत्री ओढली आणि दोन टोकं धरून गोळ्याशेजारी बसलो. ओल्या मातीचा वास, डोक्यावर गारांचा ताशा, आणि त्याचा खांदा माझ्या खांद्यापासून... चार बोटांवर.

"एवढं काय आहे ह्या गोळ्यात?" मी विचारलं.

"जुन्या रॉकेटची टाकी आहे ही. अकरा वर्षं वर फिरत होती. हा दोरा ऊन, थंडी, जाळ सगळं सोसून खाली आला, तरी तुटला नाही. असाच दोर मला चंद्रावरून सोडायचा आहे."

"चंद्रावरून? कुठं?"

"आपल्याकडं. पार पृथ्वीच्या जवळ. मग त्या दोरावरून लिफ्ट वर-खाली. चंद्रावर जायला-यायला मग रॉकेटचा एवढा जाळ नको."

"आणि दोर तुटला तर?"

"त्याचाच तर अभ्यास करून राहिलो. वर सगळं भंगार फिरून राहिलं... जुने उपग्रह, टाक्या, नटबोल्ट. एक तुकडा लागला की खलास. आधी ते आवरायचं, मग दोर सोडायचा."

"म्हंजे आधी अंगण झाडायचं, मग पाव्हणा बोलवायचा."

"हाव," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण पाव्हणा आधीच येऊन बसला असंल तर?"

मी ताडपत्रीचं टोक सोडलं. सगळं पाणी त्याच्या डोक्यावर! तो ओरडला, "वर्षाराणी, काय करून राहिलीस तू!"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. मला इतकं बरं वाटलं की मी घरी पळत गेले.

त्यानंतर सोमवार उजाडला की मी दोनदा वेणी घालायची. आत्या सगळं बघायची. तो मराठा, आम्ही लिंगायत. अप्पांना कळलं तर काय, ही भीती असायची. पण तो जीपमधून उतरला की भीती-बिती सगळी पसार.

जुलैत त्याला परदेशातल्या एका प्रकल्पाचा अर्ज भरायचा होता. चंद्रावरच्या लिफ्टचाच प्रकल्प, तीन वर्षांचा. अर्ज माझ्याच दुकानात भरला, माझ्याच बोटांनी. शेवटी एक रकाना होता : नमुना ताब्यात आहे काय? फोटो जोडा.

"पंधरा तारीख शेवटची," तो म्हणाला. "आत्या काही देत नाहीत, वर्षा. हे गेलं तर... सगळं गेलं बघ. एकदा जम बसला की मी तुझ्या घरी येतो. सरळ अप्पांशी बोलतो."

"नक्की?"

"तुझी शपथ."

आत्या देवळात गेली होती. मी त्याला रानात नेलं. माझ्याच ओढणीनं गोळ्यावरची विभूती पुसली, बेलाचं पान बाजूला ठेवलं. दोघांनी मिळून गोळा उचलला, पोत्यात बांधला. जीपमध्ये तो पोतं मांडीवर घेऊन बसला. "येतो," म्हणाला. डोळे पोत्यावर होते. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण मी हात हलवत उभी राहिले.

आत्या परत आली, रानातला खड्डा बघितला.

"दिलास?"

"हाव."

ती खड्ड्याच्या कडेला बसली. मला वाटलं, देव गेला म्हणून.

प्रकल्पात त्याची निवड झाली, तो परदेशी गेला. आधी त्याचा रोज फोन यायचा. मग रविवारी. मग 'कामात आहे' एवढंच. डिसेंबरात त्याचा लेख छापून आला. शेवटी आभार होते : किल्लारीच्या एका शेतकरी कुटुंबाचे. नाव नव्हतं. फेब्रुवारीत मेसेज आला. 'वर्षा, इथंच कायमचं होतंय. तू वाट बघू नकोस. माफ कर.' तीन वाक्यं.

मी आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. "देवाला हात लावला म्हणून झालं का गं असं?"

"कसला देव?" आत्या म्हणाली. "टाकी होती ती. त्यावर परदेशी अक्षरं कोरलेली. मला दिसली न्हाईत व्हय?"

मी उठून बसले. "पण तू तर पूजा..."

"पैल्या दिशी देवच वाटला, कबूल. मग ते पोरगं आलं. तुझ्याकडं बघलालं होतं. गोळा तवाच दिला असता, तर दुसऱ्या सोमवारी आलं असतं का गं?"

आत्या पुढं सांगायला लागली.

"तुझ्या बापाला मी निम्मा वळवला होता. दिवाळीला बोलणी करायची, गोळा मांडवात द्यायचा, असं ठरवलं होतं मी. माझा संसार चार महिन्यांचा. तुझा तरी व्हावा म्हणून अडवून बसले होते."

"सांगितलं का न्हाईस, आत्या?"

"सांगितलं असतं तर तू त्याला सांगितलं असतंस."

ते खरंच होतं. मी लगेच सांगितलं असतं.

"म्हंजे तो गोळ्यासाठीच येत होता," मी म्हणाले. तोंड कडू झालं होतं.

"आधी गोळ्यासाठी. मग तुझ्यासाठीबी यायला लागला होता, मी बघलाले होते की. पण गड्याला ते उमगायला येळ लागतो, पोरी. अजून थोडे सोमवार लागले असते." तिनं माझे डोळे तिच्या पदरानं पुसले. "तू दिले न्हाईस."

राग कुणावर काढायचा? त्याच्यावर काढला, दोन दिवस पुरला. आत्यावर निघेना. उरले मी.

पुढच्या सोमवारी आत्यानं धपाटे केले. जुन्या सवयीनं मी अप्पांचं, आत्याचं, माझं आणि एक वरचं, अशी चार ताटं काढली. आत्यानं बघितलं. चौथं ताट मी परत फळीवर ठेवलं आणि जेवायला बसले.