मागची डावी सीट

चालकाने हात सोडले तरी लेन न सोडणारी गाडी कंपनीच्या आठ जणांच्या एका विभागाने बनवली होती. गाडी सुतासारखी सरळ जायची. फक्त एक वळण सोडून. उंच भिंतींमधल्या त्या वळणावर उपग्रहांशी संपर्क तुटायचा आणि गाडी वीतभर डावीकडे सरकून पांढऱ्या पट्ट्यावर चढायची. शुक्रवारी मोठ्या साहेबांसमोर ती पट्ट्यावर चढली, तर विभागाला टाळं आणि आठही जणांना नारळ.

विभागप्रमुख बाईंचा आकड्यांखेरीज कशावरही विश्वास नव्हता. नवऱ्याच्या ‘पाच मिनिटांत आलो’वर तर मुळीच नाही.

सोमवारी गाडी वळणावर सरकली नाही. बाईंना आनंदाआधी संशय आला. त्यांनी नोंदी उघडल्या. टपाच्या मागच्या दोन कोपऱ्यांवर उपग्रहांवरून जागा आणि उंची सांगणारी एकेक अँटेना होती. वळणाआधी एक बंद पडलेला बसथांबा आहे, तिथे चालककाका चष्मा पुसायला क्षणभर थांबले होते. तिथेच डावी अँटेना दीड सेंटिमीटर खाली गेली होती. पुढे पुलावर गाडी थांबली, तेव्हा ती पुन्हा वर आली होती.

“काका, मागे काही ठेवलं होतं?”

“तुमचं टेन्शन. पण ते सगळ्याच सीटांवर असतं.”

मंगळवारी काका मुद्दाम थांबले. पुन्हा तेच. बुधवारी थांबले नाहीत, तर गाडी पट्ट्यावर चढली. गुरुवारी बाईंनी मागच्या डाव्या सीटवर वाळूच्या पिशव्या रचल्या. बासष्ट किलोला अँटेना बरोबर दीड सेंटिमीटर खाली गेली. तशीच, कुठे न थांबता, गाडी वळणावर नेली, तर सरकलीच. म्हणजे नुसतं वजन कामाचं नव्हतं.

“पिशव्या काढा, मॅडम,” काका आरशात न बघता म्हणाले. “जागा अडते.”

शुक्रवारी मोठ्या साहेबांनी थेट मागचं डावं दार उघडलं. सीटवर बाईंचा रुमाल होता.

“इथे कोणी आहे?”

“यायचंय, सर.”

साहेब कुरकुरत पुढे बसले. बाई मागे उजवीकडे.

थांब्यावर काका थांबले. दार उघडलं नाही. बाईंच्या मांडीवरच्या पडद्यावर डाव्या अँटेनाचा आकडा खाली उतरला. बाईंनी रुमाल उचलला आणि पाय आवरून घेतले.

भिंती आल्या. उपग्रह गेले.

काकांचे हात मांडीवर.

पट्टा जवळ आला नाही.

केसभरही नाही.

“वा! याला म्हणतात काम!” साहेबांनी डॅशबोर्डवर थाप मारली. “आता कुठे थांबू नका. सरळ ऑफिसात!”

पूल मागे पडला.

ऑफिसच्या दारातच विभागातली बाकीची फौज नाचायला लागली. कुणीतरी शिट्टी मारली. विभाग वाचला होता, वर साहेबांनी तिथल्या तिथे शंभर गाड्या मंजूर केल्या. या गोंधळात तिघेही उतरले. पडद्यावरचा आकडा मात्र खालीच होता.

“पुलावर थांबलो नाही ना आपण,” काका हळूच म्हणाले.

बाईंनी मागचं डावं दार उघडून धरलं. मनात दहापर्यंत मोजलं. आकडा वर आला.

संध्याकाळी सभागृहात बाईंचा सत्कार झाला. टाळ्या थांबेनात. त्या पहिल्या रांगेत येऊन बसल्या. शेजारची खुर्ची रिकामी होती. चहाचा कप घेऊन साहेब तिकडे आले, खुर्ची ओढायला वाकले आणि थबकले.

“बसा, बसा. उठू नका,” ते खुर्चीकडे बघून अदबीने म्हणाले आणि दुसरी जागा शोधायला गेले.