मागे कुणी नाही

दिवा जरा इकडे सरकवा. वीज आता लवकर यायची नाही, तोवर सांगतो.

शर्यतीत सगळ्यांच्या मागे चालणं, हे माझं काम. मी घत्तास, शाळेत कवायत शिकवायचो. गुडघे गेले, जीभ तेवढी शाबूत राहिली, म्हणून हे काम पदरात पडलं. बैरुतच्या या शर्यतीत कुणीही यावं. धावणाऱ्यांनी धावावं, लंगड्यांनी लंगडावं, बाबागाडी ढकलत आयांनी यावं. शेवटचा माणूस पुढे गेला की पिवळ्या जाकिटातल्या मी वॉकीटॉकीवर म्हणायचं, ‘मागे कुणी नाही.’ तेवढं ऐकलं की खालच्या नाक्यावर पोलीस अडथळे काढतात आणि अडवलेल्या गाड्या सुटतात. मी म्हटल्याशिवाय एकही गाडी सुटत नाही. या शहरात माझ्या शब्दाला एवढी किंमत वर्षातून एकदाच असते.

त्या वर्षी ढग अगदी गच्चीपर्यंत उतरले होते. दुपार असून उजेड मेल्यासारखा होता आणि जनरेटरचा धूर नाकात बसला होता. दमास्कस रस्त्याच्या चढावर बँडवाले केव्हाच वाद्यं गुंडाळून गेले होते. माझ्यापुढे एकच बाई उरली होती, उम्म मुन्झिर. म्हणजे मुन्झिरची आई. तिचं स्वतःचं नाव मोहल्ल्यात कुणाला ठाऊक नाही. ऐंशीच्या पुढची, काळ्या झग्यावर शर्यतीचा पांढरा सदरा चढवलेला, हातात काठी. चार पावलं टाकायची आणि थांबायची. दम लागायचा म्हणून नव्हे. कान देऊन काहीतरी ऐकायची.

लढाईच्या दिवसांत हाच रस्ता शहराचे दोन तुकडे करून मध्ये पडला होता. मुन्झिर बापाची औषधं आणायला पलीकडे गेला आणि परत येताना चौकीवर त्याला कुणीतरी गाडीत घातलं. प्रेत नाही, निरोप नाही. पुढे लढाई संपली, गाडीत घालणारेच कोट चढवून मंत्री झाले आणि आयांना सांगायला लागले, एकदा म्हणून टाका की तो नाही, म्हणजे तुम्हीही सुटाल. बाकीच्या बायका थकल्या, एकेक करून म्हणून बसल्या. हिने मात्र तसं कधीच म्हटलं नाही.

“मावशी, जरा पाय उचला,” मी म्हटलं. “तो कंट्रोल रूममधला रफ्फी वॉकीटॉकीवरून माझं डोकं खातोय.”

“खाऊ दे. त्याचं पोट काही भरायचं नाही.”

मला हसू आलं. पण ती हसली नाही. तिने माझं मनगट धरलं.

“हळू बोल... तो येतोय. गाड्यांना घाबरतो रे तो. गाडीतूनच नेलं ना त्याला... आज रस्ता मोकळा असतो, म्हणून येतो. दर वर्षी थोडा थोडा वर येतो. तो वरचा चौक ओलांडला ना, की आमची गल्ली.”

म्हातारीला भ्रम झाला, असं मनात म्हणून मी चालू लागलो. आणि मग मलाही ऐकू आलं.

मागे अनवाणी पावलं पडत होती. एक नीट, एक फरपटत. आम्ही थांबलो की एक पाऊल जास्त पडायचं आणि मग शांत. वळून पाहिलं तर रस्त्यावर पाण्याचे कागदी पेले घरंगळत होते, त्यापलीकडे ढग. बाकी काही नाही. पण पाठ फिरवली की पुन्हा सुरू. बरोबर एक वास येत होता, वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या तळघराचा, कुजलेल्या गोणपाटाचा. पळून जावंसं वाटलं, पण तिने मनगट सोडलं नव्हतं.

वॉकीटॉकी खरखरला. “घत्तास, अरे गोगलगायी राखतोयस का? गाडीवाले पोलिसांच्या अंगावर धावून जातायत. मागे कोण राहिलंय?”

उम्म मुन्झिर माझ्या तोंडाकडे बघत होती. चौक अगदी समोर होता.

“एक जण आहे,” मी म्हणालो. “थांब जरा.”

“कोण? कॅमेऱ्यात तू आणि म्हातारी, दोघंच दिसताय.”

“रफ्फी, बाबा, ऐक माझं. एवढा चौक होऊ दे. पोरगा आहे एक... हळू येतोय.”

“चढवलीस का भरदुपारी?” तो वैतागून म्हणाला. आणि मग माझं वाक्य त्यानेच पोलिसांना सांगितलं, मोठ्या आवाजात. “मागे कुणी नाही. सोडा रे गाड्या.”

त्या रिकाम्या रस्त्यावर ते शब्द भिंतींना आपटत खालपर्यंत गेले. पावलं थांबली. मला त्या यंत्राचा असा संताप आला, की ते मी रस्त्यावर आपटलं. तरी ते बोलतच राहिलं.

खालून हॉर्नचा गोंगाट उठला. मग आमच्या मागे, अगदी जवळ, करकचून ब्रेक लागले. एक टॅक्सीवाला दार उघडं टाकून बाहेर आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. तो गाडीखाली वाकून बघत होता, मग पलीकडे, मग पुन्हा गाडीखाली.

“कुठे गेला?” तो आमच्यावर खेकसला. “अशा पोराला एकटं सोडतात का रस्त्यात? आणि त्याचे हात कुणी बांधलेत मागे?”

हातांचं तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ती काठीवर वाकली. वर चौकात भोंग्यावरून कुणीतरी आनंदाने ओरडत होतं, सगळे पोहोचले, एकूण एक पोहोचले.

“भाऊ,” तिने टॅक्सीवाल्याला विचारलं, “तोंड कुठे होतं त्याचं...? माझ्याकडे होतं ना?”

“नाही, आजी. तुमच्याकडे पाठ होती.” तो आता हळू बोलत होता. “समोरून इतक्या गाड्या येताना दिसत होत्या त्याला... तरी खालीच धावत सुटला होता, कुणी हाकलून लावल्यासारखा.”