मागच्या पडवीतली बाई

यात पदरचं एक अक्षर नाही. ज्याच्याबरोबर हे घडलं त्या विलासने सगळं सांगताना एकदाही मान वर केली नाही. बनवून सांगणारा माणूस असा बसत नाही.

गाव पोशीर, कर्जत तालुक्यातलं. दिवस गेल्या डिसेंबरचे. वेळ रात्रीची नव्हे, चांगली उन्हाची.

गावाबाहेर भातखाचरांच्या कडेला विलासची कॉटेजेस आहेत. त्यातलं जुनं म्हणजे त्याच्या आजोबांचं, भिवाजींचं घर. ते पडायला आलं होतं. विलासच्या वडिलांनी, पोपटतात्यांनी, कौलं उतरवली, वासे बदलले. आई भागूबाईने कुडाच्या भिंती आपल्या हातांनी लिंपल्या. शहरातले पाहुणे येऊन राहू लागले. भागूबाई त्यांना तांदळाची भाकरी रांधून घालायची. पुढे विलासने रसायनीतली नोकरी सोडली, शेजारी नवी घरं बांधली आणि धंदा वाढवला.

भागूबाईला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

त्या दुपारी ठाण्याचं एक जोडपं निघालं होतं. विलास त्यांच्या बॅगा गाडीत ठेवत होता. त्यातली ऋजुता म्हणाली, "मागच्या पडवीत त्या आजी तांदूळ निवडत बसतात ना, फार गोड आहेत हो. सकाळी माझ्याशी किती बोलल्या."

विलासचा हात थांबला.

"कुठल्या आजी?"

"हिरवं लुगडं नेसलेल्या. हनुवटीवर गोंदलेलं. डाव्या हाताला करंगळी नाही त्यांच्या..."

भागूबाईची ती करंगळी विलासच्या लहानपणीच गवत कापताना गेली होती.

"कोण त्या? तुमच्या घरातल्या?"

खरं सांगावं तर ही बाई इथेच घाबरून खाली बसेल. उद्या इंटरनेटवर लिहील. मग या घरात राहायला कोण येणार?

विलास एवढा विचार करत होता, तोवर तोंडातून निघूनही गेलं.

"नाही, नाही. कामवाली आहे आमची."

मागे पडवीत काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

हलकेच... सूप जमिनीला टेकवावं तसा.

गाडी गेल्यावर विलास पडवीत गेला. कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो चहा घेत होता. मागच्या अंगणातून आवाज येऊ लागला.

खर्र... खर्र...

झाडूचा.

तो गेला आणि आवाज थांबला. अंगण लख्ख झाडलेलं. मातीत खराट्याच्या ओल्या रेघा.

पाऊल मात्र एकही नाही.

पोपटतात्या काठी टेकत आले. रेघांकडे बघत राहिले.

"कुनी झाडलं रं?"

"बाई आली होती, तात्या."

"अशी गोल गोल तुजी आय झाडायची."



मग ते रोजचंच झालं. अंगण झाडलेलं, पाहुण्यांची भांडी घासून पालथी घातलेली. घरातलं कोणी केलेलं नसे.

पुढच्या आठवड्यात उमाताई म्हणून निवृत्त शिक्षिका राहायला आल्या. नाश्ता घेऊन गेलेल्या विलासला त्यांनी बाजूला घेतलं.

"तुम्ही त्या म्हाताऱ्या बाईंना काही बोलता का हो?"

"का?"

"मी किती वेळा म्हटलं, आत या, घोटभर चहा घ्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या. म्हणाल्या... आत नाय येत, मालक रागावतील."

ताट विलासच्या हातातच राहिलं.

"वय बघा त्यांचं," उमाताई म्हणाल्या. "जरा माणसासारखं वागवावं."

"हो," तो म्हणाला.

ज्या घराची भिंत न् भिंत तिच्या बोटांनी लिंपलेली, त्याच्या उंबऱ्याबाहेर ती उभी होती. आणि तिला तिथे उभं त्याने केलं होतं.

उमाताई फिरायला बाहेर पडल्या, तसा विलास पडवीत गेला. ऊन आतपर्यंत आलं होतं. दूर कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता.

"आई," तो म्हणाला. "चुकलं माझं. आत ये गं."

ट्रॅक्टर बंद पडला.

पाखरांचाही आवाज येईना...

मग त्याच्या पाठीमागून, अगदी जवळून, आवाज आला.

"येते, मालक."

आवाज तिचाच. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं विलास म्हणतो. पाहुण्यांपुढे ताट ठेवताना ती जशी अदबीने बोलायची, तशीच ती बोलली. पोटच्या पोराशी.

तो वळला. मागे नुसतं ऊन.

त्या दिवसापासून ती कोणाला दिसली नाही. झाडूही थांबला. आता विलास येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आपणहून सांगतो, मागे म्हातारी दिसली तर ती माझी आई आहे. काही जण ऐकून तसेच परत जातात. तो अडवत नाही.

तात्या मात्र रोज दुपारी पडवीत खुर्ची टाकून बसतात. त्यांना ती कधीच दिसलेली नाही.

परवा त्यांनी विलासला जवळ बोलावलं.

"तुला भेटली ना रं ती? खरं सांग."

विलासने मान हलवली.

"बोलली काय?"

"हाक मारली फक्त."

"काय म्हनून?"

विलास जमिनीकडे बघत राहिला.

"विलू म्हणाली, तात्या."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्यांनी लेकाच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो हात विलासला सहन होईना.