उसना राग

कराडच्या संगमछाया वसाहतीत शिस्तदूतावर बार झाला आणि गावात दोन पक्ष पडले. एक म्हणे, बंदूक मांढऱ्यांनी झाडली. दुसरा म्हणे, मांढऱ्यांना दिलेल्या औषधानं झाडली. सलूनमध्ये अर्धी दाढी झालेली माणसं फेसासकट वाद घालू लागली. एका बाईंनी आपल्या थायरॉइडच्या गोळ्या दुकानात परत नेऊन दिल्या. "आमच्या घरात बंदूक नाही," त्या दुकानदाराला म्हणाल्या, "पण लाटणं आहे. कशाला जोखीम?"

शिस्तदूत म्हणजे कुणी माणूस नव्हता. वसाहतीच्या कचराकुंड्यांशेजारी उभं केलेलं ते एक निरीक्षकयंत्र होतं. कुणी पिशवी टाकली की ते आतला ऐवज हुंगायचं, आणि ओल्या-सुक्याची चूक सापडली की चुकणाऱ्याचं नाव जाहीर करायचं. आवाज मात्र असा गोड, की लग्नाचं आमंत्रण देतंय असं वाटावं.

होळीनंतरच्या त्या रविवारी वसाहतीची सभा अंगणातच भरली होती. अध्यक्ष डुबल पाणीपट्टीवर बोलत असताना उशिरा आलेल्या एका बाईंनी कुंडीत पिशवी टाकली आणि यंत्राचा दिवा लुकलुकला.

"सदनिका बारा. सौ. रत्नमाला मांढरे. सुक्या कचऱ्यात तुपानं माखलेला कागद. कागदाचं मूळ : विकतच्या पुरणपोळ्या."

सगळ्या माना सौ. मांढऱ्यांकडे वळल्या. कारण होळीला ह्याच पोळ्या रत्नमालाबाईंनी 'माझ्या हातच्या' म्हणून घरोघर वाटल्या होत्या, आणि वर पुरण कसं शिजवावं ह्याचा एकेकीला पाठही दिला होता. मग जे हसू फुटलं, ते आवरेना. समोरच्या सदनिकेतल्या जंगम वहिनी तर हसता हसता खुर्चीवरून घसरल्या. "अहो काकू, पुरण दोनदा वाटायचं ना?" त्या खालूनच म्हणाल्या.

रत्नमालाबाईंचे यजमान हिंदुराव मांढरे उठले. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, नंतर बँकेच्या दारात पहारा केलेला माणूस. पहाऱ्याची परवान्याची बाराबोअर बंदूक अजून घरी होती. ते शांतपणे जिना चढले, ती घेऊन उतरले, "बाजूला व्हा" म्हणाले, आणि त्या गोड आवाजाच्या बरोबर मधोमध बार काढला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण भर वस्तीत बंदूक झाडली होती. त्याला कायद्यात तुरुंग होता.

रत्नमालाबाईंनी धास्ती घेतली ती तुरुंगाची, आणि तिच्या मागोमाग आणखी एका गोष्टीची. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही.

त्यांच्या संसारात नवरा बोलायचा तो अहवाल दिल्यासारखा. जेवण झालं. भाजी संपली. मुलगी सासरी पोचली. बाई आजारी असली तरी हे गृहस्थ शेजारी बसून वर्तमानपत्र वाचायचे, आणि वाईट असं काही नव्हतंच त्यांच्या मनात. त्यांना दिसायचंच नाही. पीठ मळताना बाईंच्या तोंडी आपोआप ओवी यायची, माहेरच्या चालीवर, शब्द मात्र स्वतःचे :

*माझ्या घरात बसला, बाई दगडाचा देव,*
*किती वाहिली मी फुलं, त्याला कळंना गं भाव.*

लेकीनंच वडिलांना डॉक्टर निलोफर मुजावरांकडे नेलं. डॉक्टरांनी हिंदुरावांना तपासलं, 'भावबधिरता' असं निदान केलं, आणि जिभेखाली घ्यायचे नवे थेंब लिहून दिले. औषधाचं नाव समवेदक. महिना सरतो न सरतो, तोच होळीच्या आदल्या सकाळी हिंदुराव स्वयंपाकघरात आले ते स्वतःचं उजवं मनगट चोळत. बाई पुरण वाटत होत्या.

"अगं, इथं ठणकतंय," ते गोंधळून म्हणाले. "माझं नाही ठणकत. तुझं ठणकतंय का?"

ठणकतच होतं, दोन वर्षांपासून. बाईंनी पाटा तसाच सोडला आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. संध्याकाळी हिंदुराव गुपचूप विकतच्या पुरणपोळ्या घेऊन आले. त्या आपल्या डब्यात रचण्याचं पाप तेवढं बाईंचं.

आता सगळी वसाहत म्हणत होती, त्या औषधावर बंदी घाला.

खटला उभा राहिला औषधदोष न्यायालयात. गुन्हा माणसाचा की त्याला लिहून दिलेल्या औषधाचा, हे तिथं ठरायचं आणि शिक्षाही तिथंच व्हायची. सुनावणीआधी वकील सोनटक्के रत्नमालाबाईंना घेऊन डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत गेले.

"मॅडम, सोपं करून सांगा," सोनटक्के म्हणाले. "हे औषध माणसाला राग आणतं का?"

"नाही. हे औषध कुठलीच भावना तयार करत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "समोरच्याला ठेच लागली की आपणही 'आई गं' म्हणतो, की नाही? मेंदूत दुसऱ्याच्या भावनेची नक्कल उमटते. पण आड एक पडदा असतो, म्हणून ती पुसट उमटते. मांढरेकाकांचा पडदा जाड आहे. थेंबांनी तो विरळ होतो. ते ज्याच्याकडे बघतील, त्याची भावना त्यांच्या अंगात उतरते."

"आणि त्यांची स्वतःची?"

"तिला औषध हात लावत नाही. पण आपली कुठली आणि आलेली कुठली, हे आतून ओळखता येत नाही."

"म्हणजे अंगणात दुसरा कुणी चिडला असेल, तर राग त्याचा आणि हात ह्यांचा!" सोनटक्क्यांनी टाळीच वाजवली. "झालं तर! काकू, तुमचाच तर अपमान झाला. कोर्टात एवढंच म्हणा, मला राग आला होता. दोष औषधाचा, काका घरी."

"आणि औषध?" बाईंनी विचारलं.

"बंद होईल," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

बाईंनी हातरुमालाची घडी घातली. मग म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू? ह्यांनी माझं मनगट ओळखलं. मग हळदीचं दूध करून दिलं. शेजारी बसले. ते सगळं... ते माझंच मला परत येत होतं?"

डॉक्टर खोटं बोलल्या नाहीत. "दुखणं तुमचं होतं, हे नक्की. शेजारी बसावंसं वाटणं कुणाचं, ते मला मोजता येत नाही, काकू."

घरी येताना बाईंनी ठरवून टाकलं. दगड तर दगड, पण तुरुंगात नको. आपण खोटं बोलायचं.

कोर्टात हिंदुराव ताठ उभे राहिले. "बार मी काढला. औषधाला मधे आणू नका."

"तुमच्या कबुलीचा उपयोग नाही," न्यायाधीश पेडणेकर म्हणाले. "राग कुणाचा होता, हे तुम्हाला कळणारच नाही म्हणतात. डॉक्टर, मग कुणाला कळणार?"

"त्यांच्या अंगाला," डॉक्टर म्हणाल्या. "आजही त्यांना थेंब दिलेत. साक्षीदारानं त्यांच्यासमोर उभं राहून तो क्षण आठवायचा. आठवताना भावना थोडी तरी परत जागी होते. ती काकांच्या चेहऱ्यावर दिसेल."

पहिले आले डुबल. राग आपला निघाला तर आपणच अडकू, ह्या भीतीनं त्यांनी तोंडावर इस्त्री फिरवली होती. "मी अध्यक्ष या नात्यानं अत्यंत गंभीर होतो," ते म्हणाले.

हिंदुरावांच्या मिशा थरथरल्या. खांदे हलायला लागले. मग तो सहा फुटी सुभेदार पोट धरून खो खो हसत सुटला.

"काय हो गंभीर?" न्यायाधीशांनी विचारलं.

"म्हणजे... आतल्या आत थोडं..." डुबल पुटपुटले.

मग एकेक जण येत गेला. सोनटक्के आशेनं प्रत्येकाला विचारत, "चिडला होतात ना? थोडे तरी?" आणि समोर हिंदुराव, बिचारे, डोळ्यांतून पाणी येईतो हसत. जंगम वहिनींच्या साक्षीला तर ते कठड्याला धरून खालीच बसले. "पुरे करा," ते धापा टाकत म्हणाले, "बरगड्या दुखायला लागल्या!" अंगणातला एकूण एक माणूस तपासून झाला. शेंगदाण्याएवढाही राग सापडला नाही.

उरल्या रत्नमालाबाई.

त्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. शपथ घेतली. सोनटक्क्यांनी डोळ्यांनी खूण केली.

"मला राग आला होता," बाई खणखणीत म्हणाल्या. "असा राग, साहेब, की त्या यंत्राचा गळाच धरावा! ह्यांनी झाडली ती माझ्या रागानं. ह्यांचा काही दोष नाही."

कोर्टात कुजबूज झाली. सगळे हिंदुरावांकडे बघत राहिले. आता मुठी आवळतील, आता गरजतील.

हिंदुरावांनी मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एक खांदा त्यांनी आत ओढून घेतला, आणि मग तो मिशीवाला माणूस, डोक्यावर नसलेला पदर दोन बोटांनी पुढे ओढायला लागला, जणू त्याच्या आड तोंड लपवता येईल.

कुणीही हसलं नाही. मागच्या बाकावरच्या जंगम वहिनीसुद्धा हसल्या नाहीत.

"बाई," न्यायाधीश म्हणाले, "हा राग दिसत नाही."

रत्नमालाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "लाज वाटली होती, साहेब," त्या शेवटी म्हणाल्या. "मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागवायचं सुचलंच नाही मला."

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. डॉक्टरांकडे वळून विचारलं, "औषध स्वतः राग तयार करत नाही, हे पक्कं?"

"पक्कं."

"फक्त समोर असेल तेच आणतं?"

"हो." आणि मग डॉक्टरांच्याही लक्षात आलं. त्यांनी हात तोंडावर नेला.

निकाल त्याच दुपारी झाला. पेडणेकरांनी सावकाश वाचला. "त्या अंगणात हसू होतं. लाज होती. राग दुसऱ्या कुणाच्याही मनात नव्हता. नसलेली गोष्ट औषधाला आणता येत नाही. सबब तो राग उसना नव्हता. पत्नीचा अपमान पाहून आलेला तो राग आरोपी हिंदुराव मांढरे यांचा स्वतःचा होता. औषध निर्दोष आहे. आरोपी दोषी आहेत. बंदुकीचा परवाना रद्द. पूर्वीचं वर्तन पाहून तुरुंगाऐवजी सेवाशिक्षा : नवं यंत्र बसेपर्यंत कुंड्यांशेजारी उभं राहून आरोपींनी वसाहतीचा कचरा स्वतः तपासावा."

सोनटक्क्यांनी कपाळाला हात लावला. डुबल, पुढचे काही महिने आपला कचरा सुभेदार तपासणार ह्या विचारानं पांढरे पडले. हिंदुराव सावधान उभे. आणि रत्नमालाबाई? त्यांच्या तोंडावर असं काही हसू फुललं होतं, की शिपायानं दोनदा वळून पाहिलं.

"बाई, तुमच्या यजमानांना मी दोषी ठरवलंय," न्यायाधीश म्हणाले. "कळलं ना तुम्हाला?"

"कळलं तर, साहेब!" बाई उठून उभ्या राहिल्या. "ते मधलं, ह्यांच्या रागाचं एक वाक्य तेवढं पुन्हा वाचता का? जरा मोठ्यानं. जंगम वहिनी मागं बसल्यात, त्यांना ऐकू आलं नसेल."