विदूषकाच्या आधी येणारा हशा

जॉस पेटिफरने खाटकाच्या दुकानातून सॉसेजची माळ पळवायची, ती विजारीच्या खिशात कोंबायची आणि मग लोकांनी हसायचं. विदूषकाच्या धंद्यातला हा साधा व्यवहार. पण लॅम्बेथच्या थिएटरात यंदाच्या नाताळात लोक माळेला हात लागायच्या आधीच पोट धरून हसत, आणि हात लागला की चिडीचूप. तोंडाला पांढरा रंग, गालांवर लाल त्रिकोण आणि हातात सॉसेज अशा अवतारात जॉस नुसता धुमसत उभा राही.

दुपारचा खेळ संपल्याबरोबर त्याने नेड गार्बटला गाठलं. नेड म्हणजे खेळातला लटपटता म्हातारा, विदूषकाच्या लाथा खाणारा.

"माझ्या पाठीमागे काय चाळे करतोस रे?"

"तेव्हा मी पिंपात असतो, बाबा. तूच तर कोंबतोस मला."

हे खरंच होतं, त्यामुळे जॉसचं डोकं आणखीच फिरलं. अर्धं आयुष्य त्या पिंपात काढून यंदा कुठे त्याला विदूषकाचे कपडे मिळाले होते. आणि मालक क्राउलसाहेबांनी बजावलं होतं, शनिवारपर्यंत हशा जागेवर आला नाही तर कपडे उतरवायचे.

त्याने सगळं करून पाहिलं. घाई केली, हशा त्याहून घाईने आला. उशीर केला, तर लोक आधीच हसून मोकळे. वरच्या गॅलरीतली पोरं बाकांवर चढून ओरडत, "मागे बघ, मागे!" जॉस गर्रकन वळे. मागे रंगवलेली गल्ली, खाटकाचं दुकान, बास. कापडावरची गल्ली तेवढी हलकेच हलत असे, अंग घासून कुणी गेल्यासारखी. आणि तो वळला की अख्खं थिएटर गप्प.

"तालमीत शेवटची ओळ बोललास ना," नेड रंग पुसता पुसता म्हणाला.

खेळाची शेवटची ओळ तालमीत कुणी बोलत नाही, अपशकुन मानतात. ती पहिल्या दिवशी, भरल्या थिएटरातच बोलायची. पण तालीम रेंगाळली, जॉस वैतागला आणि खेकसून ती ओळ बोलून मोकळा झाला.

"रिकाम्या थिएटरात खेळ पुरा केलास," नेड म्हणाला. "कुणासाठी केलास?"

"खुर्च्यांसाठी. त्या निदान भलत्या जागी हसत नाहीत."

शुक्रवारी त्याने नेडला एका खेळापुरतं पिंपातून काढून गॅलरीत बसवलं. डोळे उघडे ठेवून बघ, म्हणाला. त्या दुपारी हशाने झुंबरं हलली.

नेड खाली आला तेव्हा त्याचे डोळे हसून हसून ओले झाले होते. तो जॉसकडे बघेना.

"हसलो रे. बरगड्या दुखल्या."

"कशाला हसलास?"

"सांगायला जातो आणि आठवत नाही." नेडने डोळे पुसले. "तू मात्र सारखा मध्ये येत होतास."

तेवढ्यात क्राउलसाहेब हात चोळत आले. "पेटिफर, जागा तुझी. ईस्टरपर्यंत पक्की. फक्त वळू नकोस. वळलास की हशा मरतो बघ."

"पण साहेब, मागे कोण..."

"मला काय त्याचं? लोक हसतायत ना? मग उभा राहा."

शनिवारी जॉस उभा राहिला.

पायाशी गॅसचे दिवे फुरफुरत होते. नेड पिंपात होता.

हशा आला. लाटेसारखा आला, फुटला, परत आला.

"मागे बघ, मागे!"

जॉस वळला नाही. जागा त्याची होती. त्याने दात आवळले आणि माळ उचलली. माळेकडे कुणी पाहिलंही नाही.

पहिल्या रांगेत एक पोरगी संत्रं खात होती. ती डावीकडे वाकली, मग उजवीकडे. जॉसच्या पलीकडचं तिला दिसत नव्हतं. साल धरलेला हात उचलून तिने त्याला खुणावलं, बाजूला हो.

मग तिच्या शेजाऱ्याने खुणावलं. मग अख्ख्या रांगेने.

चरफडत तो दोन पावलं सरकला.

सगळ्या थिएटरचे डोळे क्षणभर तिथेच राहिले, त्याने सोडलेल्या जागेवर.

मग तेही सरकले. सावकाश, सगळे मिळून. आणि त्याच्या डाव्या खांद्याच्या जरा वर येऊन थांबले.

पोरीचा हात पुन्हा हलला. आणखी थोडा बाजूला.